नव्या वर्कस्टेशनसाठी दोन सॉकेटांचा मदरबोर्ड घ्यावा का?

आडवाटा (चर्चाप्रस्ताव):

पुण्यातील एका लहान अभियांत्रिकी कार्यालयासाठी नवा संगणक जुळवायचा आहे. काम दोन प्रकारचे आहे: पंप आणि पंखे यांच्यातील प्रवाहाची ओपनफोम या सॉफ्टवेअरवरची गणिते, आणि त्यातून उरलेल्या वेळात चार-पाच व्हर्च्युअल मशीन (एकाच यंत्रावर चालणारे स्वतंत्र आभासी संगणक). विक्रेत्याने दिलेल्या दरपत्रकात दोन सॉकेटांचा, म्हणजे एएमडीचे दोन एपिक प्रोसेसर बसतील असा बोर्ड आहे. त्यात आज एकच प्रोसेसर बसवावा आणि दुसरा पुढे सवडीने घ्यावा, असा त्याचा सल्ला आहे. हा सल्ला मला पटत नाही. त्याची कारणे येथे मांडतो. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी तेही कारणांसह लिहावे.

दोन सॉकेटांचा बोर्ड ही एके काळी खरोखरच गरज होती. इंटेलच्या २०१६ च्या झिऑन ई५-२६०० व्ही४ या पिढीत एका प्रोसेसरला मेमरीचे चार चॅनेल (मेमरीकडे जाणारे मार्ग) आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या ४० लेन (ग्राफिक्स, स्टोरेज अशा कार्डांकडे जाणारे मार्ग) मिळत. त्यामुळे ज्याला अधिक कोअर (प्रोसेसरमधील आकडेमोड करणारे स्वतंत्र भाग), अधिक मेमरी किंवा तीन-चार ग्राफिक्स कार्डे हवी असत, त्याला दुसऱ्या सॉकेटावाचून गत्यंतर नव्हते. २०१७ मध्ये एएमडीचा पहिला एपिक आला आणि एकाच सॉकेटात आठ चॅनेल व १२८ लेन मिळू लागल्या. २०१९ च्या ‘रोम’ पिढीने त्याच सॉकेटात ६४ कोअर दिले. गरज संपली, पण ‘सर्व्हर म्हणजे दोन प्रोसेसर’ ही सवय दरपत्रकांत तशीच राहिली.

लेनबाबत तर मोठाच गैरसमज आहे. दोन एपिक बसवले की लेन दुप्पट, म्हणजे २५६ होतील, असे अनेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात दोन प्रोसेसरांच्या आपसांतील जोडणीसाठी प्रत्येकाच्या ६४ लेन खर्ची पडतात आणि बाहेरच्या कार्डांसाठी पुन्हा १२८ च उरतात. रोमपासून पुढे, ही जोडणी चारऐवजी तीन दुव्यांवर भागवणाऱ्या बोर्डांवर फार तर १६०. सुपरमायक्रोचे दोन बोर्ड शेजारी ठेवून पाहावेत: एच११डीएसआय या दोन सॉकेटांच्या बोर्डावर पीसीआय एक्स्प्रेस ३.० चे पाच स्लॉट आहेत, तर एच१२एसएसएल-आय या एका सॉकेटाच्या, साध्या एटीएक्स मापाच्या बोर्डावर ४.० या पुढच्या आवृत्तीचे सात.

राहिला ‘दुसरा पुढे घेऊ’ हा मुद्दा. दुसरे सॉकेट रिकामे असेपर्यंत त्याला जोडलेले मेमरीचे सर्व स्लॉट आणि त्याच्या वाट्याचे पीसीआय स्लॉट मृतवत असतात, म्हणजे पैसे पूर्ण बोर्डाचे द्यायचे आणि वापरायचा अर्धा. शिवाय नावाअखेर ‘पी’ असलेले स्वस्त एपिक, उदाहरणार्थ ७४०२पी किंवा ७५०२पी, केवळ एकट्याने चालतात. जोडीत ते चालतच नाहीत. म्हणजे दुसऱ्याच्या आशेवर पहिलाही महाग घ्यावा लागतो.

भीमथडी:

प्रस्ताव वाचनीय आहे, परंतु तुलना समान पातळीवरची नाही. एच११डीएसआय हा आधीच्या पिढीसाठी आखलेला बोर्ड आहे आणि एच१२एसएसएल-आय नंतरच्या. त्यांच्या स्लॉटांतील फरक पिढीचा आहे, सॉकेटांच्या संख्येचा नाही. पीसीआय एक्स्प्रेस ४.० असलेले दोन सॉकेटांचे बोर्डही मिळतात. गिगाबाइटचा एमझेड७२-एचबी० हा त्यांपैकी एक.

माझा खरा आक्षेप मात्र याहून मोठा आहे. आपण लेन आणि कोअर मोजलेत, पण ओपनफोमचे काम ज्यावर अडते त्या मेमरी बँडविड्थचा, म्हणजे मेमरीतून सेकंदाला किती आकडे येतात याचा, हिशेब मांडलाच नाही. प्रवाहाच्या गणितात प्रोसेसर बहुतेक वेळ आकडेमोड करत नसतो. तो मेमरीतून आकडे येण्याची वाट पाहत असतो. डीडीआर४-३२०० चे आठ चॅनेल मिळून सेकंदाला २०४.८ जीबी देतात. ६४ कोअरांचा एकच प्रोसेसर घेतला, तर प्रत्येक कोअरच्या वाट्याला ३.२ जीबी येतात. ३२ कोअरांचे दोन घेतले, तर कोअर तेवढेच राहून वाटा ६.४ जीबी होतो. असे असताना ६४ कोअरांचा एकटा प्रोसेसर घेणे म्हणजे पंगतीला माणसे वाढवायची आणि वाढपी तेवढेच ठेवायचे. या कामाला १६ किंवा २४ कोअरांची जोडीही एकट्या ६४ कोअरांना मागे टाकू शकते.

दुसऱ्या सॉकेटाकडची मेमरी दूर पडते, हा आक्षेप कोणीतरी घेईलच, म्हणून आधीच लिहितो. ओपनफोममध्ये जाळीचे (प्रवाहाची जागा ज्या लहान घरांत विभागतात तिचे) तुकडे करून प्रत्येक तुकडा स्वतंत्र प्रक्रियेकडे दिला जातो. प्रत्येक प्रक्रिया आपली मेमरी आपल्याच जवळच्या बाजूला घेते आणि शेजारच्या तुकड्याशी फक्त सीमेवरचे आकडे देते-घेते. बायोसमध्ये ‘एनपीएस’ (एका प्रोसेसरची मेमरी किती भागांत वाटायची ही सेटिंग) चारवर ठेवावा, प्रक्रिया कोअरांना बांधून द्याव्यात. मग दूरच्या मेमरीचा त्रास नगण्य होतो. मात्र सोळाही स्लॉट भरलेले हवेत. आठ चॅनेलांच्या प्रोसेसरला मोठी चार मॉड्यूल लावून ‘जीबी तेवढेच झाले’ असे समाधान मानणारे लोक पाहिले की वाईट वाटते. त्यांनी अर्धी बँडविड्थ आपल्या हाताने घालवलेली असते.

करवीर:

माझी बाजू तिसरीच आहे. येथे नव्या एपिकची चर्चा चालू आहे, पण अनेक विद्यार्थ्यांची आणि लहान प्रशिक्षण वर्गांची धाव डेटा सेंटरमधून निवृत्त झालेल्या झिऑनपर्यंतच असते. ई५-२६८० व्ही४ ची जोडी घेतली की २८ कोअर, ५६ थ्रेड आणि दोन्हीकडचे मिळून डीडीआर४-२४०० चे आठ चॅनेल, म्हणजे १५३.६ जीबी बँडविड्थ मिळते. आजच्या साध्या डेस्कटॉप बोर्डावर डीडीआर५-५६०० चे दोन चॅनेल ८९.६ जीबीवर थांबतात. प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) टाकून विद्यार्थ्यांना प्रत्येकी एकेक मशीन द्यायचे असेल, तर यापेक्षा स्वस्त मार्ग मला माहीत नाही. अशा माणसाला ‘दोन सॉकेट ही जुनी सवय आहे’ असे सांगणे म्हणजे त्याच्या खिशाकडे न पाहता दिलेला सल्ला होय.

आडवाटा:

भीमथडी, बोर्डांच्या तुलनेबाबतचा आपला आक्षेप रास्त आहे आणि बँडविड्थचा हिशेबही बिनचूक आहे. पण तो रोमपाशी का थांबवायचा? २०२२ च्या अखेरीस आलेल्या ‘जेनोआ’ पिढीत एका सॉकेटाला डीडीआर५-४८०० चे बारा चॅनेल आहेत, म्हणजे ४६०.८ जीबी. दोन रोम मिळून ४०९.६ होतात. एकट्या नव्या प्रोसेसरने जुन्या जोडीला ज्या मापात आपण तोलता त्याच मापात मागे टाकले आहे, आणि तेही दोन सॉकेटांमधली जोडणी, कोअर बांधणे हा सगळा खटाटोप न करता.

करवीर यांना एवढेच विचारतो की, विजेचे काय? यंत्र चोवीस तास सुरू राहून सरासरी २०० वॉट घेत असेल, तर महिन्याला १४४ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तरी १,४४० रुपये. स्वस्तात मिळालेला बोर्ड दर महिन्याला आपला हप्ता वसूल करतो. त्यातून बाजारात ‘एक्स९९’ या नावाने जे नवे कोरे दुहेरी बोर्ड विकले जातात, त्यांपैकी अनेकांवर जुन्या बोर्डांतून काढलेले चिपसेट असतात, दूरस्थ देखरेखीसाठीची बीएमसी चिप नसते आणि बायोसची पुढची आवृत्ती मिळण्याची शाश्वतीही नसते.

करवीर:

विजेचा हिशेब मान्य, पण प्रशिक्षण वर्गाचे यंत्र चोवीस तास चालत नाही. दिवसाचे सहा-सात तास चालते आणि रविवारी बंद असते. ‘एक्स९९’ बोर्ड घेऊ नयेत, याबाबत आपले एकमतच आहे. सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीचा वापरलेला बोर्ड घ्यावा, किंवा संपूर्ण टॉवर वर्कस्टेशनच घ्यावे, म्हणजे पेटी, वीजपुरवठा आणि हीटसिंक यांची शोधाशोध वाचते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसला सुटा बोर्ड घेताना सॉकेटातील पिना भिंगाखाली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एक वाकलेली पिन म्हणजे मेमरीचा एक चॅनेल गेला असे समजावे.

वापरलेले एपिक घेणाऱ्यांसाठीही एक इशारा आहे. काही मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये प्रोसेसर पहिल्यांदा सुरू होतानाच त्या कंपनीच्या फर्मवेअरशी कायमचा बांधला जातो. तो नंतर दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर सुरूच होत नाही. विकणाऱ्याकडून ‘कुलूप नाही’ असे लेखी घ्यावे.

सांजवारा:

मी कार्यालयांसाठी सर्व्हर उभारण्याचे काम करतो आणि या चर्चेत परवान्यांचा विषय अजून आला नाही याचे आश्चर्य वाटते. पूर्वी परवाने सॉकेटावर मोजले जात, तेव्हा एक सॉकेट म्हणजे सरळ बचत होती. आता विंडोज सर्व्हरचा परवाना कोअरांवर आहे: प्रत्येक प्रोसेसरला किमान ८ आणि प्रत्येक सर्व्हरला किमान १६. म्हणजे आठ कोअरांचे दोन आणि सोळा कोअरांचा एक यांना खर्च सारखाच. व्हर्च्युअल मशीनचे सॉफ्टवेअर देणारी व्हीएमवेअर मात्र प्रत्येक प्रोसेसरला किमान १६ कोअरांचे पैसे घेते. आठ कोअरांची जोडी लावणारा ३२ कोअरांचे बिल भरतो. विंडोज ११ ची होम आवृत्ती तर दुसरे सॉकेट वापरतच नाही; त्यासाठी प्रो लागते.

आणखी एक समजूत संचालकांच्या बैठकीत हमखास निघते की, एक प्रोसेसर बिघडला तर दुसरा काम पुढे चालवील. असे होत नाही. चालू यंत्रात एक प्रोसेसर गेला की यंत्र बंद पडते, आणि पहिल्या सॉकेटातला गेला असेल तर तो बदलेपर्यंत बोर्ड सहसा सुरूही होत नाही. अखंड सेवा हवी असेल, तर दोन सॉकेटांचे एक यंत्र घेण्यापेक्षा एका सॉकेटाची दोन यंत्रे घ्यावीत. त्यामुळे माझे मत आडवाटा यांच्या बाजूने आहे, पण कारण निराळे आहे.

भीमथडी:

जेनोआचा आकडा खरा आहे, परंतु किंमत कोठे आहे? त्याला डीडीआर५ ची बारा रजिस्टर्ड (सर्व्हरसाठीची) मॉड्यूल नव्याने घ्यावी लागतात. हाताशी असलेली किंवा वापरलेली डीडीआर४ त्यात बसत नाही. या कार्यालयाचे अंदाजपत्रक मर्यादित नसते, तर विक्रेत्याने ‘दुसरा पुढे घ्या’ असे सुचवलेच नसते. आणि नव्याशी नव्याची तुलना केली, तर जेनोआची जोडी ९२१.६ जीबी देते. म्हणजे प्रश्न पुन्हा पहिल्या जागी आला. ज्या कामाचे तुकडे नीट पडतात, त्याला दुसरे सॉकेट आजही जवळजवळ पूर्ण मोबदला देते. तुकडे पडत नाहीत तेथे ते देत नाही, हे मी स्वतःच सांगतो. मोठी भाषिक मॉडेल प्रोसेसरवर चालवू पाहणारे लोक जोडी घेतात आणि शब्द दुप्पट वेगाने येत नाहीत म्हणून हिरमुसतात. मॉडेलचे निम्मे आकडे पलीकडच्या मेमरीत पडलेले असतात आणि प्रत्येक शब्दाला ते मधल्या दुव्यावरून ओढून आणावे लागतात.

घनगर्द:

वाद चालू राहू द्या. मी फक्त टेबलाखाली ठेवायच्या यंत्राबद्दल लिहितो. दोन सॉकेटांचे बरेच बोर्ड ३०५ गुणिले ३३० मिलिमीटर मापाचे असतात. बाजारातील अनेक पेट्यांवर ‘ई-एटीएक्स’ असे छापलेले असते, पण आत २८० मिलिमीटरच्या पुढे जागा नसते. पेटीच्या नावावर न जाता मिलिमीटर पाहावेत. वीजपुरवठ्याला प्रोसेसरसाठीचे आठ पिनांचे दोन स्वतंत्र कनेक्टर हवेत.

पंख्यांची गंमत तर बसवल्यावरच कळते. शांत चालणारे मोठे पंखे लावले की ते इतके हळू फिरतात की बीएमसीला पंखा बंद पडला असे वाटते. ती सगळे पंखे पूर्ण वेगाने सोडते, वेग वाढल्याचे पाहून पुन्हा खाली आणते, आणि यंत्र दर काही सेकंदांनी घोंघावत राहते. आयपीएमआयटूल या बीएमसीच्या सेटिंग बदलणाऱ्या साधनाने पंख्याची किमान मर्यादा खाली आणली की हे थांबते. एपिकच्या सॉकेटाचे स्क्रू त्यावर छापलेल्या क्रमानेच आणि ठरलेल्या जोरानेच आवळावेत. दाब कमी-जास्त झाला की एखादा मेमरी चॅनेल दिसेनासा होतो आणि लोक बोर्ड सदोष म्हणून परत पाठवतात. दोन सॉकेट म्हणजे ही काळजी दोनदा.

आडवाटा:

कामाचे तुकडे नीट पडत असतील तर दुसरे सॉकेट मोबदला देते, हे भीमथडी यांचे म्हणणे मी प्रवाहाच्या गणितापुरते स्वीकारतो. पण मग दोन्ही सॉकेटे आणि सोळाही मेमरी स्लॉट पहिल्याच दिवशी भरायला हवेत. अर्धा भरलेला दुहेरी बोर्ड या कार्यालयाला आज एका प्रोसेसरचीच बँडविड्थ देईल. पुढे तोच मॉडेल आणि तशीच आठ मॉड्यूल मिळतील की नाही, याची हमी विक्रेता देत नाही. म्हणून कार्यालयाला दोनच दरपत्रके मागवायला सांगितले आहे: २४ कोअरांच्या वापरलेल्या रोमची पूर्ण भरलेली जोडी, आणि एका सॉकेटाचा जेनोआ बाराही चॅनेल भरून.

भीमथडी:

हे योग्य आहे. फक्त जोडीचे दरपत्रक आले की बोर्डाच्या पुस्तिकेतील जोडणीचा आराखडा मागवून घ्यावा आणि कोणता स्लॉट कोणत्या प्रोसेसरला जोडलेला आहे ते पाहावे. स्टोरेज आणि नेटवर्कची कार्डे दोन्ही बाजूंना वाटली गेली असतील, तर व्हर्च्युअल मशीन कोणत्या बाजूला बांधायच्या हे आधीच ठरवावे लागेल.