खापरपणजोबांपर्यंत पोहोचण्यासाठी जुने दप्तर कोठून उघडावे?

खटावचा नातू

नमस्कार. आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात आहे. आजोबा 1938 च्या सुमारास मुंबईला आले, परळच्या एका गिरणीत लागले आणि त्यानंतर गावाशी असलेला संबंध हळूहळू तुटत गेला. ते 1981 मध्ये वारले. आज घरात एवढीच माहिती शिल्लक आहे की आजोबांच्या वडिलांचे नाव सखाराम होते, त्यांच्या वडिलांचे बाबाजी, आणि सखाराम आजोबांच्या लहानपणीच ‘साथीत’ गेले. पणजीचे नाव कोणालाही ठाऊक नाही, आणि ही गोष्ट मला फार लागते.

आजोबांनी मुंबईत गावावरून आडनाव लावले. गावातले भाऊबंद दुसरेच आडनाव लावतात. त्यामुळे आडनावावरून शोध घेतला तेव्हा काहीच हाती आले नाही. जुनी नोंद मागण्यासाठी एका कार्यालयात गेलो, तर सर्व्हे नंबर सांगितल्याशिवाय शोध घेता येणार नाही असे उत्तर मिळाले. आमच्या नावावर आता गावात जमीन नाही. मला कोणताही दाखला काढायचा नाही किंवा हक्क सांगायचा नाही. केवळ आपली माणसे कोण होती हे जाणून घ्यायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

दप्तरी

मी महसूल खात्यात तीस वर्षे काम केले आहे, त्या अनुभवावरून सांगतो. आपण माणसाच्या नावाने शोध घेत आहात. जुन्या दप्तरात मात्र माणूस जमिनीच्या आधाराने सापडतो. आडनावे बदलतात आणि त्या काळच्या बहुतेक नोंदींत ती लिहिलेलीही नसतात, पण शेत जागचे हलत नाही. म्हणून ज्या भाऊबंदांकडे आज ती जमीन आहे, त्यांच्या आठ-अ वरून, म्हणजे खातेदाराच्या नावावरील जमिनींच्या उताऱ्यावरून, गट नंबर घ्या. हा गट नंबर एकत्रीकरण योजनेतला, म्हणजे विखुरलेले जमिनीचे तुकडे एकत्र करण्याच्या योजनेतला आहे. त्या योजनेचा कायदा 1947 चा आहे आणि गावोगावी ती नंतरच्या काळात लागू झाली, म्हणून त्याआधीच्या कागदांवर गट नंबर सापडणार नाही, सर्व्हे नंबर सापडेल. कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला हे भूमी अभिलेख कार्यालयातील योजनेच्या उताऱ्यावरून कळते. गावाकडे त्याला ‘नऊ तीन, नऊ चारचा उतारा’ म्हणतात.

सर्व्हे नंबर मिळाला की त्याचा जुना, हस्तलिखित सातबारा मागा. त्यावर कंस केलेली नावे दिसतील आणि शेजारी वर्तुळात आकडे असतील. कंस म्हणजे ते नाव कमी झाले, आणि वर्तुळातील आकडा म्हणजे ज्या फेरफाराने, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीने, ते कमी झाले त्याचा क्रमांक. तो क्रमांक घेऊन फेरफार नोंदवहीकडे जायचे, तिथे जे नाव सापडेल त्याच्या मागचा फेरफार शोधायचा, आणि असे पायरी पायरीने मागे सरकायचे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 मध्ये झाला, त्यामुळे पहिल्या क्रमांकांचे फेरफार साधारण त्यानंतरच्या वर्षांतले असतात. सातबाराच्या आधीचे क-ड-ई पत्रक उपलब्ध असेल तर तेही अवश्य पाहा.

आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा असतो तो वारसाचा फेरफार. खरेदीच्या नोंदीत फक्त देणारा आणि घेणारा येतो, पण वारसाच्या नोंदीत मृत्यूची तारीख, मुले आणि पुष्कळदा विधवा पत्नीचे नाव येते. एरवी जिचे नाव कोणत्याच सरकारी कागदावर आले नाही, अशी स्त्री बहुधा इथेच पहिल्यांदा भेटते.

आजोबा गावच्या शाळेत गेले असतील, तर तेथील जुने जनरल रजिस्टर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही, तीही पाहा. त्यात गावातले मूळ नाव मिळेल आणि भाऊबंदांशी नाते जुळते की नाही याची खात्री करता येईल. जुन्या सातबारा व फेरफारांच्या स्कॅन केलेल्या प्रती काही जिल्ह्यांपुरत्या शासनाच्या संकेतस्थळावर आहेत. तिथे नसल्यास तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करावा लागेल.

मोडीवाचक

वरील मार्ग योग्यच आहे. त्याला कोतवाल बुकाची जोड द्यावी, म्हणजे गाव नमुना चौदा, गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण लिहिलेले असते: पटकी (कॉलरा), देवी, प्लेग, आणि फार वेळा नुसते ‘ताप’. जन्माच्या नोंदीत मात्र बाळाचे नाव नसण्याची तयारी ठेवा. बारसे व्हायच्या आधीच नोंद होत असल्यामुळे बापाच्या नावापुढे केवळ ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच सापडते.

स्वातंत्र्याच्या आसपासपर्यंत गावपातळीवरच्या अनेक नोंदी मोडी लिपीत आहेत. नावे वाचताना दोन शब्द लक्षात ठेवा. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. पुढच्या काळात ‘कोम’च्या जागी ‘भ्र.’, म्हणजे भ्रतार, दिसू लागते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्द तोडून लिहिले जात नाहीत, म्हणून एकाच माणसाचे नाव दोन पानांवर दोन तऱ्हांनी दिसले तर लगेच दुसरा माणूस समजू नये. याच्या उलट, एका गावात एकाच वेळी दोन ‘सखाराम बिन बाबाजी’ असू शकतात. सर्व्हे नंबर जुळल्याशिवाय कोणालाही आपल्या वंशावळीत बसवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. एकदा चुकीचा पूर्वज जोडला गेला की त्याच्या मागची प्रत्येक पिढी परक्याची होते.

पेशवाईतील कागदांपर्यंत पोहोचलात तर सन शुहूर, म्हणजे त्या काळच्या कागदांत वापरला जाणारा सन, असेल आणि तो अरबी शब्दांत लिहिलेला असेल. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजेच 1177. मृग नक्षत्रापासून वर्ष सुरू होत असल्याने त्यात 599 मिळवले की इसवी सन 1776 चा जून येतो, आणि ते वर्ष 1777 च्या जूनपर्यंत चालते. पुण्याच्या पेशवे दप्तरात तीस हजारांहून अधिक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, पण सामान्य रयतेच्या घराण्याने सुरुवातीलाच तिकडे वळू नये. घराण्याकडे इनाम किंवा वतन असल्यास मात्र गोष्ट वेगळी: 1852 च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने इनामदारांकडून पुरावे मागवले आणि त्या निमित्ताने अनेकांनी आपल्या वंशावळी लिहून दिल्या.

गोदाकाठ

सरकारी दप्तराबाहेरचा एक आधार सुचवते. घरातले कोणी पूर्वी नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला गेले असेल, तर तेथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत नोंद असण्याची शक्यता आहे. गाव आणि कुळ सांगितले की आपले उपाध्याय कोण ते कळते. मात्र तिथेही आजोबांचे गावातलेच आडनाव सांगा.

खटावचा नातू

चार महिन्यांनी परत लिहीत आहे, आणि मन भरून आले आहे. एका चुलत काकांनी आठ-अ दिला, त्यावरून सर्व्हे नंबर मिळाला, आणि तिसऱ्या फेरफारावर थांबलो. त्यातला मजकूर असा आहे: ‘सखाराम बिन बाबाजी हा तारीख 4 नोव्हेंबर 1918 रोजी मयत झाला. वारस मुलगे विठोबा व गणपत, अ. पा. क. आई चंद्राबाई कोम सखाराम.’

गणपत म्हणजे माझे आजोबा. पणजीचे नाव चंद्राबाई होते हे आम्हाला एवढ्या वर्षांनी कळले. माझ्या वडिलांनी ती ओळ तीनदा वाचून घेतली. विठोबा हे नाव तर आमच्या घरात कधी उच्चारलेच गेले नव्हते. कोतवाल बुकात सखारामांचे वय 27 आणि कारण ‘ताप’ असे आहे. आजोबांच्या जन्माची नोंदही 1916 मध्ये सापडली, परंतु विठोबांच्या जन्माची नोंद मागची सहा-सात वर्षे पाहूनही मिळाली नाही. ‘अ. पा. क.’ याचा अर्थही कृपया सांगावा.

दप्तरी

अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. मुले अज्ञान, म्हणजे कायद्याने लहान असल्यामुळे, त्यांच्या वतीने आईचे नाव लागले. 1918 च्या शरदात इन्फ्लुएंझाची साथ ऐन भरात होती आणि गावोगावच्या नोंदींत ती ‘ताप’ म्हणूनच उतरली आहे; त्या पानावर आगेमागे किती मृत्यू आहेत ते पाहा, म्हणजे घरातल्या ‘साथीत गेले’ या शब्दांची खात्री पटेल. विठोबांसाठी त्याच सर्व्हे नंबरचे पुढचे फेरफार तपासा. ते अज्ञान असतानाच वारले असतील, तर आईचे किंवा भावाचे नाव लागल्याची नोंद असेल.

मोडीवाचक

विठोबा थोरले असतील, तर त्यांचा जन्म आपल्या गावच्या बुकात न सापडणे स्वाभाविक आहे. पहिले बाळंतपण माहेरी होत असे आणि जन्म जिथे झाला त्या गावच्या कोतवाल बुकात नोंद होत असे. म्हणून आसपासच्या गावांची 1910 ते 1915 ची जन्माची पाने पाहा आणि बापाच्या रकान्यात ‘सखाराम बिन बाबाजी’ व आपल्या गावाचे नाव शोधा. ते पान ज्या गावच्या वहीत मिळेल, ते बहुधा चंद्राबाईंचे माहेर. काम चिकाटीचे आहे, पण भाऊबंदांतल्या वडीलधाऱ्या बायकांना आधी विचारलेत तर दोन-तीन गावांवर येऊन ठेपेल. पानाचा फोटो इथे टाकलात तर मोडी मी वाचून देईन.