पायाखालच्या टाइलवर एवढं नाजूक रंगकाम का?

मातीवेडी: लंडनला एका म्युझियममध्ये सतराव्या शतकातली जमिनीवरची टाइल बघितली. निळा, पिवळा, केशरी, कडेला रंग एकदम ताजे आणि मधे सगळं घासून खालची फिकट माती वर आलेली. मी स्वतः पॉटरी करते त्यामुळे डोक्यातून जातच नाहीये, कथलाची झिलई एवढी पातळ, खालची माती मऊ, मग भिंतीवर लावायची सोडून जमिनीवर का घातली? त्यांना कळत नव्हतं का?

जुनीभट्टी: कळत असणारच हो. पण आधीच्या इंग्लिश टाइल आठवा, लाल मातीत ठसा मारायचा, खड्ड्यात पांढरी माती भरायची आणि वर शिशाची पारदर्शक झिलई. ती झिजली तरी नक्षी आत खोलवर असते म्हणून टिकते, फक्त रंग मिळतात दोनच, तपकिरी आणि पिवळसर. कथील घातलं की झिलई पांढरीशुभ्र होते, मग त्यावर हवं ते रंगवा. हॅम्पशरच्या द व्हाइन या जुन्या हवेलीतल्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, १५२० च्या दशकातल्या अँटवर्पच्या (आताच्या बेल्जियममधल्या) टाइल आहेत, बाजूने काढलेले चेहरे आहेत त्यांवर, एकदा बघाच. आणि अशा टाइल बहुतेक खाजगी चॅपेल, छोट्या खोल्या, शेकोटीच्या पुढची जागा अशा कमी वर्दळीच्या ठिकाणी बसायच्या.

मातीवेडी: अच्छा, म्हणजे रोज शंभर लोक चालतील अशी जागाच नव्हे! पण मग इंग्लंडमध्ये त्या कुणी बनवायला घेतल्या?

थेम्सकाठ: अँटवर्पचेच कुंभार. यास्पर आंद्रीस आणि याकोब यान्सेन १५६७ ला धर्मछळाला कंटाळून नॉरिचला आले, १५७० ला त्यांनी राणी एलिझाबेथकडे अर्ज केला की आम्हाला लंडनला थेम्सकाठी काम करू द्या. यान्सेनने मग लंडनला ऑल्डगेटला भट्टी टाकली. पुढे लंडनच्याच सदर्क भागात पिकलहेरिंगला ख्रिस्तियान विल्हेल्मचं काम चाललं, त्याला १६२८ ला पेटंट मिळालं. नंतर डच टाइलची चाल आली आणि नक्षी हळूहळू भिंतीवर गेली.

जुनीभट्टी: अजून एक, तुम्ही पॉटरी करता म्हणून सांगतो. न भाजलेली झिलई कोरडी पावडर असते, कुंचला टेकला की टीपकागदासारखा रंग ओढून घेते, खोडायची सोयच नाही. त्या टाइलवरची एकेक रेघ एका दमात मारलेली आहे.

मातीवेडी: हे ऐकून अंगावर काटा आला! कडेला एका पानाची रेघ जरा जाड होऊन पुढे बारीक झालीये, तेव्हा मला ती चूक वाटली होती. परत जाऊन तेवढी रेघच बघत बसणारे.