सीएनजीवर चढाला झटके, पेट्रोलवर ठीक: प्लग कोणते टाकू, गॅप किती?

कांदा_लाईन (सोलापूर)
मिनी पिकअप, १.२ लिटर, चार सिलिंडर, कंपनी फिटेड सीएनजी. मार्केट यार्डातून माल भरून तुळजापूरचा घाट चढताना तिसऱ्या गिअरला झटके खाते, चेक लाइट लुकलुकतो. पेट्रोलवर टाकली की लगेच सरळ चालते. रिकामी असली तर सीएनजीवरही काही त्रास नाही. गाडी जुनी घेतलेली, प्लग कधी बदललेत माहीत नाही. दुकानदार निकेल आणि इरिडियम दोन्ही दाखवतोय, दरात बराच फरक आहे. कोणते घेऊ? घरी बदलता येतील का?

फिलर_गेज
लक्षण प्लगचंच दिसतंय. सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यात चढाला पाय दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, म्हणजे मागणी आणखी वाढते. प्लग झिजून गॅप, म्हणजे ठिणगी पडते ते दोन टोकांमधलं अंतर, वाढलेला असेल तर प्लगला व्होल्टेज देणारी कॉइल तिथेच कमी पडते. पेट्रोलवर तीच कॉइल तोच प्लग निभावून नेते, म्हणून दोष झाकला जातो.

कंपनी फिटेड आहे ना, मग मॅन्युअलमध्ये जो नंबर आणि जो गॅप दिलाय तोच घ्या. स्वतःचं डोकं तिथे चालवू नका. बाहेरून किट बसवलेल्या गाडीची गोष्ट वेगळी: पेट्रोलचा १.० ते १.१ मिमी गॅप साधारण ०.७ ते ०.८ वर आणावा लागतो. एनजीकेच्या नंबरात शेवटी -११ असेल तर तो १.१ मिमीचा प्लग.

हीट रेंजचा, म्हणजे प्लग उष्णता किती लवकर बाहेर सोडतो त्या नंबराचा, घोळ टाळा. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं. ब्रँड बदलताना फक्त आकडा बघून घेतला की फसलात. एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०.

निकेल की इरिडियम? रोज भरलेली गाडी सीएनजीवर पळणार असेल तर इरिडियम परवडतं, कारण गॅप हळू वाढतो. निकेल टाकलात तर मधून मधून काढून गॅप तपासायची सवय ठेवा. मॅन्युअलमध्ये इरिडियमच दिलं असेल तर निकेलवर पैसे वाचवू नका.

आणि लाइट लुकलुकत असताना घाट रेटू नका. न जळलेला गॅस सायलेन्सरच्या कॅटमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जाऊन जळतो, ते काम प्लगच्या सेटपेक्षा कितीतरी महाग पडतं.

अण्णा_गॅरेज
घरी होतं, पण इंजिन पूर्ण गार पाहिजे. तापलेल्या ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढायला गेलात तर आटे सोबत येतात. उन्हाळ्यात दुपारी आलेली गाडी संध्याकाळीही आत गरमच असते, सकाळी करा.

चावी बंद. सीट उचला, कॉइलचे सॉकेट कुलूप दाबून काढा, वायर धरून ओढू नका. कॉइल बाहेर काढली की प्लग हलवायच्या आधी विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल भोकात, हवा मारा, पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर चालेल, डोळे सांभाळा. मोहोळ-बार्शीकडची धूळ तिथे थर करून बसते. ती सिलिंडरमध्ये पडली तर लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) रेघा. गॅसची रेल (इंजेक्टरांना गॅस पुरवणारी नळी) आडवी येत असेल तरी पाइपाचा नट अजिबात ढिला करायचा नाही.

नवा प्लग हाताने, नुसत्या सॉकेट आणि एक्स्टेन्शनने फिरवत न्या. सुरुवातीलाच जड गेला तर आटा चुकलाय, उलटा फिरवून परत लावा. शेवटी टॉर्क पाना: १४ मिमी आट्याला २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिमीला १५ ते २०. पाना नसेल तर १४ मिमीचा वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा आवळून थांबा. जुनाच परत बसवताय तर वॉशर आधीच दबलेला असतो, जेमतेम बारावा भाग फेरा पुरतो. आट्यांना ग्रीस लावू नका, त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. इरिडियमचं मधलं टोक तारेच्या ब्रशने घासायचं नाही, गॅप काढताना त्यावर जोर द्यायचा नाही. हातातून फरशीवर पडलेला प्लग बाजूला टाका, आतली चिनीमाती तडकलेली बाहेरून दिसत नाही.

कांदा_लाईन
काढून बघितले. तीन प्लगची टोकं फिकट तपकिरी, गॅप मात्र १.३ च्या पुढे. तीन नंबरचं वेगळं: चिनीमातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी उभी काळी रेघ, आणि विहिरीत थोडं तेल.

फिलर_गेज
ती रेघ म्हणजे ठिणगी आत न पडता बाहेरून बॉडीला उडी मारतेय. कॉइलच्या रबरी बुटात तशीच रेघ सापडेल. नुसता प्लग बदललात तर ठिणगी बुटातल्या त्याच वाटेने जाईल आणि आठ दिवसांत नवा प्लगही खराब. बूट सुटा मिळत असेल तर बूट, नाहीतर ती एक कॉइल बदला. तेल टॅपेट कव्हरच्या सीलमधून आलंय, ते सील आधी बदला, कारण तेलाने बुटाचं रबर फुगतं.

बाकी प्लगवर धातूच्या कडेला लागून तपकिरी कडं दिसेल, ते गळतीचं नाही, राहू द्या. हे सगळं करूनही झटके आले तर स्कॅनर लावा. पी०३०३ (तीन नंबर सिलिंडर मिसफायर) कोड आला तर तीनची कॉइल दोनवर टाका. कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली. कोड जागचा हलला नाही तर टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हची मोकळीक) आणि गॅस इंजेक्टर बघा.

अण्णा_गॅरेज
नवे प्लग बसवायच्या आधी मल्टिमीटरने रेझिस्टन्स बघून घ्या, वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत. नंबरात आर (आत रेझिस्टर) असलेल्या प्लगला ५ किलोओहमच्या आसपास दाखवतं. चारांत एखादा शून्य किंवा ओपन दाखवत असेल तर माल नकली, बिलासकट परत करा.