डिस्चार्ज नक्की कुठून ऐकायला घ्यायचं? आणि मधेच त्यांना झालं काय?

डबलबेस_डोंबिवली

मंडळी, मी मूळचा मेटलवाला. कॉलेजात मेटालिकाचा 'गॅरेज इंक' हातात पडला तेव्हा बघितलेलं की पहिली डिस्क सुरू होते 'फ्री स्पीच फॉर द डम्ब'ने आणि संपते 'द मोअर आय सी'वर, आणि दोन्ही गाणी डिस्चार्ज नावाच्या कुठल्यातरी इंग्लिश बँडची आहेत. तेव्हा तेवढ्यावरच सोडून दिलं. आता परवा म्हटलं चला ओरिजिनल ऐकू, तर स्ट्रीमिंगवर डोकंच गरगरलं. एकच गाणं चार ठिकाणी, 'नेव्हर अगेन' नावाचं सिंगल पण आहे आणि अख्खी रेकॉर्ड पण आहे, त्यात एका अल्बममधे गायक कुत्रं मागे लागल्यासारखा ओरडतोय आणि दुसऱ्यात तोच माणूस टिपेच्या आवाजात हेअर मेटल गातोय!! माझा आधी विश्वासच बसेना की हा एकच बँड आहे.

तर जाणकारांनी जरा सांगा, काय आधी ऐकू, काय सोडू, आणि हे लोक एवढे महत्त्वाचे का मानतात. विकी वाच असं सांगू नका, वाचलंय, तिथे नुसती कोण आलं कोण गेलं याची यादी आहे.

काळीपांढरी

सध्या १९८२ नंतरचं सगळं बाजूला ठेव. १९८० ते १९८२, एवढ्यातच खरा माल आहे.

बँड १९७७ चा, स्टोक-ऑन-ट्रेंटचा. पण १९७७ चा डिस्चार्ज वेगळाच, सेक्स पिस्टल्स ऐकून गावोगावी जे शेकडो बँड निघाले त्यातलाच एक. टेझ रॉबर्ट्स तेव्हा गायचा, त्याचा भाऊ बोन्स गिटारवर, रेनी पण गिटारवर. मग १९७९-८० च्या सुमारास खांदेपालट झाला, टेझ ड्रम्सवर जाऊन बसला, रेनीने बेस घेतला, गिटार एकट्या बोन्सकडे राहिली आणि माईकसमोर कॅल आला. नाव तेच राहिलं पण माझ्या मते बँड खरा इथे जन्मला.

तिकडेच माईक स्टोन म्हणून रेकॉर्डचं दुकान चालवणारा माणूस होता, त्याने क्ले रेकॉर्ड्स काढली आणि लेबलचा एक नंबरचा रिलीज म्हणजे यांचा 'रिअ‍ॅलिटीज ऑफ वॉर' ईपी (म्हणजे छोटी रेकॉर्ड), १९८०. चार गाणी. त्याच वर्षी 'फाइट बॅक' आणि 'डीकंट्रोल'. हे तीन ओळीने ऐक, मधे दुसरं काही लावू नकोस. पहिल्यात आवाज अजून पातळ आहे, 'डीकंट्रोल'पर्यंत येता येता तो असा काही जड होतो की एका वर्षात एवढं कसं बदललं असं वाटतं. मग १९८१ चं 'व्हाय', बारा इंची, दहा गाणी, तोवर टेझ गेलेला आणि ड्रम्सवर बांबी. त्याच वर्षी 'नेव्हर अगेन' सिंगल.

तुझा गोंधळ झालाय तो १९८४ च्या 'नेव्हर अगेन'मुळे, तो अल्बम नाहीच, जुनी गाणी गोळा करून काढलेली रेकॉर्ड आहे. सिंगल वेगवेगळे शोधत बसायचा कंटाळा असेल तर १९९५ चं 'क्ले पंक सिंगल्स कलेक्शन' लाव आणि वरून खाली ऐकत जा. पहिला अल्बम 'हिअर नथिंग सी नथिंग से नथिंग' (मे १९८२) सगळ्यात शेवटी. लोक त्याने सुरुवात करायला सांगतात, मी सांगणार नाही, आधीचे ईपी कानावरून गेले की मगच कळतं तिथे काय झालंय ते.

तालवेडा

वरच्यांशी अर्धा सहमत. डबलबेसराव तुम्ही ड्रमर दिसताय म्हणून सरळ तालाचंच बोलतो.

साधा हार्डकोर पंक घ्या, धूम-टाक-धूम-टाक, पळत सुटलेला. डिस्चार्जमधे स्नेअर आपल्या जागेवरच असतो पण बेस ड्रम दोन स्नेअरच्या मधे एक जास्तीची ठोकर टाकून जातो, धूम-टाक-धधूम-टाक. सिंगल पेडलवरच, डबल बेस वगैरे काही भानगड नाही. उजवा हात उघड्या हायहॅटवर नाहीतर सरळ क्रॅशवर, त्यामुळे वरून पत्रा सतत सळसळत राहतो आणि खालून ती लंगडी धाव. वेग तसा फार नाहीये हो, मोजून बघा, नंतरच्या ग्राइंडवाल्यांपुढे तर काहीच नाही, पण थांबायचं नाव नाही म्हणून छातीवर बसतं. 'व्हाय'मधलं पहिलंच 'व्हिजन्स ऑफ वॉर' लावा आणि फक्त उजव्या पायाकडे कान द्या.

हा ताल यांनीच शोधला असं मी म्हणणार नाही, बझकॉक्सच्या १९७८ च्या पहिल्या अल्बमवर 'यू टेअर मी अप'मधे जॉन माहरने जवळपास हेच वाजवलंय, आणि मोटरहेडची छाप तर उघड आहे. पण बझकॉक्ससाठी ते एका गाण्यापुरतं होतं. यांनी त्यावर अख्खा संसार मांडला, म्हणून त्याला डी-बीट म्हणतात, डी म्हणजे डिस्चार्जचा.

बाकी सुरुवात कशाने करायची यावर: मेटलवाल्याने थेट अल्बमनेच करावी. गिटार एवढी जाड आहे की पंकची सवय नसली तरी पचते. चौदा गाणी, अर्ध्या तासाच्या आत खेळ खलास. ड्रम्सवर तोवर गॅरी मॅलोनी आलेला, आधी व्हॅरुकर्समधे होता तो.

ट्रेंटकाठचा

मी गेली बरीच वर्षं स्टॅफर्डशरमधे आहे म्हणून अवांतर. स्टोक म्हणजे एक शहर नाहीच, सहा गावं जोडून झालेलं आहे, आणि सगळा इलाखा चिनीमातीच्या भांड्यांचा, वेजवूड, स्पोड, डोल्टन सगळे इथलेच. जुन्या भट्ट्यांची बाटलीसारखी धुराडी अजून काही ठिकाणी उभी आहेत. लेबलचं नाव क्ले का, ते इथे राहिलं की विचारावं लागत नाही.

लंडनच्या पंकवाल्यांची फॅशनची दुकानं, आर्ट स्कूल वगैरे जे होतं त्यातलं इथे काही नव्हतं. जानेवारी १९८२ मधे ब्रिटनमधे बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला होता, आणि भट्ट्या, खाणी, पोलाद यावर जगणाऱ्या अशा गावांना त्याची झळ किती बसली असेल ते बघा.

आणि हो, मोटरहेडचा लेमी याच स्टोकमधल्या बर्स्लेमचा, १९४५ चा जन्म. इथल्या पाण्यातच काहीतरी आहे बहुतेक.

शीतयुद्ध_स्पेशल

ताल, गिटार सगळं मान्य पण शब्दांबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहितो.

यांच्या गाण्यात कडवं-धृपद शोधू नका. दोन-चार ओळी, त्याच परत परत. 'फ्री स्पीच फॉर द डम्ब'मधे तर शीर्षक सोडून जवळपास काहीच नाही. त्याच काळातल्या क्रास या पंक बँडचं बघा, पानंच्या पानं मजकूर, रेकॉर्डबरोबर वाचायला पत्रकं. डिस्चार्जने त्याच रागातून फक्त मथळे ठेवले. काही लोकांना हे बालिश वाटतं, मला नाही वाटत, अणुबाँबवर मुद्देसूद निबंध लिहायचा त्यांचा इरादाच नव्हता.

आता संदर्भ. डिसेंबर १९७९ मधे नाटोने युरोपात क्रूझ आणि पर्शिंग क्षेपणास्त्रं आणायचं ठरवलं. १९८० मधे ब्रिटिश सरकारने 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' नावाची पुस्तिका विक्रीला काढली, बाँब पडला तर घरात दारं तिरपी लावून त्याखाली कसं लपायचं, डबाबंद जेवण किती ठेवायचं असल्या सूचना. त्यावर इतिहासकार ई. पी. थॉम्प्सनने 'प्रोटेस्ट अँड सर्व्हाइव्ह' म्हणून उत्तर लिहिलं आणि डिस्चार्जच्या गाण्याचं नाव तेच आहे (अँथ्रॅक्सने कव्हर केलंय, मेटलवाल्यांनो). 'क्यू: अँड चिल्ड्रेन? ए: अँड चिल्ड्रेन' हे नाव विचित्र वाटतं ना, ते व्हिएतनाममधल्या माय लाय हत्याकांडावरच्या पोस्टरवरून आलंय, तिथे असलेल्या सैनिकाच्या टीव्ही मुलाखतीतले सवालजवाब आहेत ते, लहान मुलंसुद्धा का, तर हो लहान मुलंसुद्धा. 'नेव्हर अगेन' सिंगलच्या कव्हरवर संगिनीवर टोचलेलं कबुतर आहे, ते जॉन हार्टफिल्डचं, १९३२ चं चित्र.

आणि अल्बम बाजारात आला तेव्हा फॉकलंडचं युद्ध ऐन भरात होतं. देश झेंडे फडकवत असताना असला अल्बम ब्रिटनच्या मुख्य चार्टात ४० नंबरपर्यंत गेला, तोही स्टोकच्या एका छोट्या लेबलवरून. मला तरी हेच सगळ्यात भारी वाटतं.

हेअरस्प्रे_काका

आता त्या नकोशा विषयावर कोणीतरी बोलायला पाहिजेच.

१९८२ मधेच अल्बमनंतर बोन्स निघून गेला. त्याने टेझला घेऊन ब्रोकन बोन्स काढला, ज्यांना जुना राग हवाय त्यांनी तिकडे जावं. इकडे कॅलचा सूर हळूहळू वर चढायला लागला. 'द मोअर आय सी' (१९८४) मधला डिस्चार्ज आधीच अर्धा मेटल आहे, मेटालिकाने ते उगाच नाही उचललं. १९८५ च्या 'इग्नोरन्स'मधे तर चिन्हं स्पष्टच, आणि १९८६ मधे तो हेअर मेटलवाला अल्बम, 'ग्रेव्ह न्यू वर्ल्ड'. एका रात्रीत काही झालेलं नाही. पण तो आवाज!! त्याच वर्षी अमेरिकेत गेले तर न्यूयॉर्कला पब्लिकने हाताला येईल तो कचरा फेकून मारला.

माझं मत विचाराल तर (कोणी विचारलेलं नाही) गिटारचं काम त्यात वाईट नाहीये. गायकाचा आवाज बंद करून ऐकता आला असता तर लोकांनी एवढ्या शिव्या घातल्या नसत्या. दुसऱ्या नावाने काढायला हवा होता.

काळीपांढरी

@काका, दुसऱ्या नावाने काढला असता तर आज तो कोणाला माहीतही नसता. तुम्ही तरी ऐकला असता का 🙂

@तालवेडा, अल्बमनेच सुरुवात म्हणजे सिनेमा क्लायमॅक्सपासून बघायचा प्रकार झाला. असो, ज्याची त्याची आवड.

डबलबेस_डोंबिवली

भारी लोक आहात राव. काल रात्री तिन्ही ईपी ऐकले, मग न राहवून 'व्हाय' पण. तालवेड्यांनी सांगितलं तसं पॅडवर वाजवून बघितलं, ऐकायला सोपं वाटतं पण तीन मिनिटांत नडगी भरून आली, ती मधली ठोकर जरा उशिरा पडली की सगळं साधं पोल्का होऊन जातं. एक विचारायचं राहिलं, डी-बीट म्हणून शोधलं की निम्मे बँड स्वीडनचे का निघतायत? आणि प्रत्येकाचं नाव डिस-काहीतरी?

तालवेडा

नडगी भरली म्हणजे बरोबर वाजवताय.

स्वीडनमधे हे लोण फार लवकर पोचलं. अँटी सिमेक्स, मॉब ४७ हे तिथले ८०च्या सुरुवातीचे, त्यातल्या अँटी सिमेक्सचा १९८३ चा ईपी नक्की ऐका, काही लोक तो डिस्चार्जच्याही वर ठेवतात. नंतर डिस्चेंज, डिसफिअर वगैरे आले, ती 'डिस' म्हणजे सरळसरळ सलाम, कव्हरची अक्षरं, काळेपांढरे युद्धाचे फोटो, सगळं उचललेलं आणि कोणाला त्याची लाजही नाही. जपानचा डिसक्लोज तर त्याच्याही पुढे गेला, गिटारवर एवढा फझ की रेडिओ स्टेशन नीट लागलेलं नाही असं वाटावं. नेपाम डेथ पण यांच्याच गोतावळ्यातले.

आणि डिस्चार्ज संपलेला नाहीये बरं का. २०१४ पासून जेजे जेनियाक गातोय, २०१६ चा 'एंड ऑफ डेज' त्याच्याबरोबरचा, बिनधास्त ऐका, म्हातारपणीची वसुली नाहीये ती. त्यावर बोन्स आणि टेझ दोघंही गिटारवर आहेत. म्हणजे टेझसाहेबांनी याच बँडमधे गाऊन झालं, ड्रम्स झाले, आता गिटार.

हेअरस्प्रे_काका

म्हणजे आता बेस तेवढा राहिला, पण तिथून रेनी उठेल असं वाटत नाही.