पापकबुली होते, पण पाप सुटत नाही. नेमकं कुठे अडतं?

जैतून:
सर्वांना सलाम. प्रार्थनेत पाप कबूल करायचं, रडायचं, थोडे दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. हे चक्र तुटतं कसं? विशेषतः खोटं बोलणं, पैशांची अफरातफर अशी पापं, ज्यांत दुसऱ्याचं नुकसान झालेलं असतं. ‘प्रभूने क्षमा केली, विषय संपला’ म्हणून पुढे जावं का? ‘प्रार्थना वाढवा’ सोडून काहीही सांगा.

शिलास:
विषय संपत नाही. पहिली अडचण मोघम कबुलीची. बायबलमधल्या लेवीय ५:५ प्रमाणे दोषी माणसाने अमुक गोष्टीत पाप केलं असं कबूल करायचं असतं. ‘हिशेबात गडबड झाली’ ही कबुली नव्हे. ‘पेटीतले पैसे मी घेतले आणि खोटी पावती लावली’ ही कबुली.

मग भरपाई. लेवीय ६:१-७ मध्ये मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा, म्हणजे १०० घेतले तर १२०, आणि तेही दोषार्पणाच्या, म्हणजे दोषासाठी बळी द्यायच्या दिवशीच मालकाच्या हातात. जक्कय हा जकातदार तर चौपट द्यायला तयार झाला, शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना (लूक १९). पण क्रम बघा: येशूने आधी त्याला झाडावरून खाली बोलावलं, ‘आज तुझ्या घरी उतरायचं आहे’ म्हणाला. चौपटीची भाषा त्यानंतरची. पैसे फेडून क्षमा विकत घ्यायला गेलात तर पहिल्या हप्त्यालाच दम लागेल. कॅथलिक प्रायश्चित्त संस्कारातही धर्मगुरूने पापक्षमा दिली म्हणून भरपाई माफ होत नाही.

दीपस्तंभ:
शिलास यांचं पटलं, तरी एक भर. तीस नाण्यांसाठी येशूला धरून देणाऱ्या यहूदाने हे सगळं केलं होतं! ‘मी पाप केलं’ म्हणाला, तीसच्या तीस नाणी परत केली (मत्तय २७:३-५). गेला मात्र मुख्य याजकांकडे, येशूकडे नाही. येशूला नाकारल्यावर पेत्रही ढसाढसा रडला, पण पुढे किनाऱ्यावर प्रभू आहे हे कळताच त्याने पाण्यात उडी टाकली (योहान २१:७). २ करिंथ ७:१० मधला दोन दुःखांचा फरक इथे दिसतो: देवाला हवं असलेलं दुःख पश्चात्तापाकडे नेतं, जगाचं दुःख मरणाकडे. स्वतःला विचारून बघा: हे कधीच उघडकीस येणार नाही अशी खात्री मिळाली, तर दुःख उरेल का?

मळेकरी:
चक्राबद्दल. याकोब १:१४-१५ मध्ये आधी वासना, मग पाप, मग मरण. आपण बहुधा मधल्या पायरीवर लढायला उभे राहतो, तोवर उशीर झालेला असतो. मागच्या दोन-तीन वेळा कधी, कुठे, त्याआधी काय चाललं होतं ते लिहून काढा. तीच वेळ, तोच एकांत, तेच चिडणं सापडतं. मग रोम १३:१४ प्रमाणे वासनेची तरतूदच बंद करायची: रोकड एकट्याने मोजायची नाही, पावत्या दुसऱ्याने तपासायच्या.

नुसतं बंद करूनही भागत नाही. येशूच्या दाखल्यात अशुद्ध आत्मा निघून गेल्यावर झाडून रिकाम्या ठेवलेल्या घरात तो आणखी सात वाईट आत्मे घेऊन शिरला (मत्तय १२:४३-४५). इफिस ४:२८ मध्ये चोराला ‘चोरी थांबव’ एवढंच सांगितलेलं नाही. हातांनी काम कर आणि गरजवंताला दे असंही आहे.

कबुली एका प्रौढ, तोंड बंद ठेवणाऱ्या विश्वासणाऱ्याजवळ करा (याकोब ५:१६). भर सभेत तपशील सांगितल्याने दुसऱ्यांची नावं चव्हाट्यावर येतात, त्यातून नवीनच पाप उभं राहतं.

जैतून:
आभार. ज्याचे पैसे घेतले तो वारला असेल तर?

शिलास:
वारसांना द्या. गणना ५:८ मध्ये जवळचा नातलगही नसेल तर रक्कम परमेश्वराची, म्हणजे याजकाकडे. आज ती गरिबांसाठी देतात. एकरकमी जमत नसेल तर हप्ते लेखी ठरवा. तोंडी वायदा पहिल्या अडचणीत मोडतो, आणि मग खोटं बोलणं पुन्हा सुरू.