पावसात दोन पोरांना घेऊन जायचं कुठे? बजेट ५००, मुक्काम डोंबिवली

शेवग्याचीशेंग:
नमस्कार मंडळी. मुलगा साडेसहा वर्षांचा, मुलगी सव्वातीन. गेले दोन रविवार घरात कोंडून काढलेत, वन बीएचके आहे, पंख्याखाली दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेत आणि त्या ओल्या पायजम्यांच्या खालून ही दोघं पकडापकडी खेळतात, ओरडून ओरडून माझा घसा बसलाय. नवऱ्याची रविवारी ड्युटी असते त्यामुळे मी आणि माझी धाकटी बहीण अशा दोघीच असणार.

मागच्या महिन्यात एका मॉलमधल्या प्लेझोनला नेलं होतं, बाहेर एन्ट्री फ्री लिहिलेलं, आत गेल्यावर कार्ड घ्या, कार्डात पैसे भरा, मोजे विकत घ्या (घरचे मोजे चालत नाहीत म्हणे, का ते देवाला ठाऊक), पाऊण तासात साडेअकराशे गेले आणि धाकटी त्या बॉलच्या टाकीत घाबरून रडली ती वेगळीच. नवऱ्याला अजून खरा आकडा सांगितलेला नाहीये.

तर अटी अशा की डोक्यावर छप्पर पाहिजे, टॉयलेट धड पाहिजे आणि जाऊन-येऊन सगळं धरून पाचशेच्या आत बसलं पाहिजे. डबा घरून नेईन. मुंबईत कुठेही चालेल. आणि प्लीज तारापोरवाला मत्स्यालय सुचवू नका, सासऱ्यांनी सुचवून झालंय, त्यांना वाटतं ते अजून चालू आहे.

मुलुंडचा_पोपट:
राणीची बाग, दुसरं काय! पेंग्विन बघायला न्या. ते आतच असतात, एसीत, काचेपलीकडे, त्यामुळे पाऊस असो नसो फरक पडत नाही. आम्ही गेलो तेव्हा आई-बाबा नि दोन मुलं मिळून १०० रुपयांचं फॅमिली तिकीट होतं, सुटं काढलं तर मोठ्यांना ५० नि लहानांना २५. भायखळ्याला फास्ट गाड्या थांबतात, पूर्वेला उतरा, चालत जाता येतं. बुधवारी बंद असते, तुमचा रविवार आहे म्हणजे प्रश्न नाही.

फक्त मुलाला आधीच सांगून ठेवा की बर्फ दिसणार नाही. माझा पुतण्या तिथे काचेला नाक लावून पूर्ण वेळ एकच विचारत होता, काका बर्फ कुठाय, बर्फ संपला का. ते हम्बोल्ट जातीचे आहेत, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, ते बर्फात राहतच नाहीत. हे मी त्याला समजावलं तर म्हणतो मग एसी कशाला लावलाय. आता बोला.

आजीबाईंचा_बटवा:
पोपटराव, रविवारी राणीच्या बागेत पेंग्विनची लाइन बघितलीत का कधी? आणि पेंग्विन सोडून बाकी सगळी बाग उघड्यावर आहे. तीन वर्षांचं मूल कडेवर, एका हातात छत्री, दुसऱ्या हाताला मोठा, तो प्रत्येक डबक्यात उडी मारणार... मी नातवंडांना घेऊन हे केलंय, मला विचारा. पाऊस रिपरिप असेल तर मात्र मस्त असतं, झाडं धुतलेली असतात. गेलातच तर आवारात भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाजूला घारापुरीवरून आणलेला दगडी हत्ती आहे तो जरूर दाखवा. घारापुरी बेटाचं एलिफंटा नाव ज्या हत्तीवरून पडलं तोच हा. माझी नात त्याला रोज आंघोळ कोण घालतं विचारत होती.

शेंगा, तू वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला जा बाई. १९८५ पासून आहे, माझ्या मुलांना मी तिथेच नेत होते आणि आता नातवंडांना नेते. तिथे हात लावू नका म्हणून कोणी ओरडत नाही हे सगळ्यात मोठं सुख. बटणं दाबा, चाकं फिरवा, वेड्यावाकड्या आरशात लांब नि बुटके व्हा. मुलांना विज्ञान कळतं का? अजिबात नाही. माझ्या नातवाने एकच दांडा अर्धा तास फिरवला. पण अर्धा तास आपण बाकावर बसलो ना! बाहेरच्या बागेत जुनं वाफेचं इंजिन नि ट्राम उभी आहे, उघडीप मिळाली की तिकडे.

सेंट्रलवाला:
आजींना अनुमोदन, आणि जायचं कसं ते मी सांगतो कारण खरी गंमत त्यात आहे. डोंबिवलीहून सीएसएमटी लोकलने, तिथून मेट्रो ३ पकडायची, ती भुयारी आहे, आरे ते कफ परेड ३३.५ किमी, ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण चालू झाली. सीएसएमटीपासून काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी आणि मग सायन्स सेंटर, स्टेशनचं नावच सायन्स सेंटर आहे, चुकायचं म्हटलं तरी चुकणार नाही. जमिनीखाली असल्यामुळे वर काय कोसळतंय त्याचा पत्ता लागत नाही. पूर्ण लाइनला तिकीट १० पासून ७० पर्यंत आहे, तुमचा टप्पा छोटा आहे त्यामुळे खिशाला लागणार नाही. धाकटी तीन फुटांच्या आत असेल तर मेट्रोत ती फुकट. लोकलमध्ये पाच वर्षांखाली फुकट, मोठ्याचं हाफ तिकीट.

आता महत्त्वाचं. रविवारी मेगाब्लॉक बघून निघा. मेन लाइनला असला तर साधारण अकरा ते चार, त्या वेळात गाड्या कमी आणि ज्या येतात त्या खचाखच. नऊच्या आत डोंबिवली सोडा. परत येताना सीएसएमटीलाच गाडीत चढा म्हणजे बसायला मिळेल. राणीच्या बागेला गेलात तरी भायखळ्याहून थेट चढू नका, उलटं सीएसएमटीला जा आणि खिडकी पकडून बसून या. पण मग तिकीट सीएसएमटीचंच काढा हं, नाहीतर टीसीने धरलं की पाचशेचं बजेट तिथेच संपलं.

खडूस_काका:
एवढं सगळं करण्यापेक्षा घरी भजी तळा, कागदाच्या होड्या करा, सोसायटीच्या गटारात सोडा. आमच्या वेळी आम्हाला कोण नेत होतं पेंग्विन बघायला? मुलांना रोज करमणूक पुरवायची सवय लागलीय, कंटाळा येऊ द्या की थोडा.

शेवग्याचीशेंग:
काका, कंटाळा येऊन गेला. तो दोन रविवार आमच्याकडे मुक्कामालाच होता. भजीही झाली, एक किलो कांदे संपले. होड्यांसाठी माझी लाइट बिलं वापरली गेली, त्यातलं एक भरायचं राहिलेलं होतं.

ओलीचिंब:
हाहा काका गप्प!! 😂

मी वडाळ्याची, एक फार लोकांना माहीत नसलेली जागा सांगते. अणिक डेपोत बेस्टचं म्युझियम आहे, तिसऱ्या मजल्यावर, फुकट. जुन्या ट्रामची नि बसची मॉडेलं, जुनी तिकिटं, तिकिटाला टिकटिक भोक पाडायचा तो चिमटा. सोमवार-मंगळवार बंद असतं. गर्दी नावाला नाही, आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय फक्त एक आजोबा होते, बेस्टमधून रिटायर झालेले, ते माझ्या मुलाला प्रत्येक बसची जन्मकथा सांगत फिरले, फुकटात गाइड. अर्थात मूल बसवेडं नसेल तर अर्ध्या तासात संपतं, खोटं कशाला बोलू.

आणि बसवेडं असेल तर सीएसएमटीहून ११५ नंबरच्या डबलडेकरने एक फेरी मारा. जुन्या लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये गेल्या, आता इलेक्ट्रिकवाल्या एसी आहेत. एसीचं कमीत कमी तिकीट १२ रुपये झालंय, तरी वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली, काचेवर पाऊस आपटतोय, खाली सगळ्या छत्र्या पळतायत, तर बारा रुपयांत अजून काय पाहिजे. नाही मिळाली सीट तर पुढच्या बससाठी थांबा, मुलांना सांगा आपण लाइनीत पहिले आहोत. थांबण्याचाही खेळ होतो.

शमा_ठाणे:
सगळे जागा सांगतायत, मी फक्त भीती घालायला आलेय, सॉरी. भरतीची वेळ बघितल्याशिवाय लहान मुलांना घेऊन मुंबईत उतरू नका. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्याच वेळी मुसळधार असं जुळून आलं की नाल्यांची समुद्राकडची दारं बंद ठेवावी लागतात, नाहीतर समुद्रच आत येईल, मग शहरातलं पाणी फक्त पंपांच्या जिवावर, आणि हिंदमाता, किंग्ज सर्कल भरायला लागतं. महापालिका अशा मोठ्या भरतीच्या तारखा पावसाळ्याआधीच जाहीर करते, पेपरात येतात, मी कात्रण फ्रिजवर लावलंय. ऑरेंज अलर्ट असेल तर खडूस काका बरोबर आहेत असं समजायचं आणि कांदे चिरायला घ्यायचे.

हे सांगतेय कारण एकदा सायन आणि कुर्ल्याच्या मध्ये आमची गाडी अडीच तास उभी होती. मुलगी चार वर्षांची. रुळावर पाणी, उतरायची सोय नाही, आणि हिला शू लागली. शेवटी लेडीज डब्यातल्या बायकांनी ओढण्यांचा आडोसा केला आणि एकीने जेवणाचा रिकामा डबा पुढे केला. स्टीलचा, चांगला झाकणाचा. मी म्हटलं अहो नवीन घेऊन देते तर म्हणाली राहू दे गं, माझ्या सासूचा आहे. त्या दिवसापासून बॅगेत एक जुनं झाकणाचं प्लास्टिकचं बरणीवजा भांडं असतंच माझ्या. हसू नका, तुम्हीही ठेवा.

आजीबाईंचा_बटवा:
शमा, ती बाई धन्य! 🙏

बॅगेचा विषय निघालाच आहे तर, मुलांना बूट घालू नका, फ्लोटर्स. मोजे आत भिजले की दिवसभर कुरकुर. एक एक कपड्यांचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ओले कपडे भरायला दुसरी रिकामी पिशवी, ती सगळे विसरतात. छत्री एकच न्या, मुलांना रेनकोट, कारण लहान मुलाच्या हातातली छत्री बरोबर शेजारच्याच्या डोळ्याच्या उंचीवर असते. डब्यात पोळीचा गूळतुपाचा रोल, कोरडा चिवडा. रस्साबिस्सा नको.

सेंट्रलवाला:
म्युझियमचं कोणी बोललं नाही अजून. काळा घोड्याचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे जुन्या लोकांचं प्रिन्स ऑफ वेल्स. पेंढा भरलेले प्राणी-पक्षी आहेत, मुलं खूश होतात, आवारात मुलांसाठी वेगळं म्युझियमही आहे. पण मोठ्यांचं तिकीट तुमच्या बजेटला टोचेल, दोघींचंच बरंच होईल. आणि इमारत एवढी मोठी आहे की धाकटी पहिल्या मजल्यावरच पसरेल. दोन-तीन वर्षांनी न्या.

शेवग्याचीशेंग:
आलो जाऊन! रिपोर्ट देते, लांबेल जरा.

मेगाब्लॉक होताच, साडेआठची गाडी पकडली, भरती संध्याकाळी होती (शमाताई, बघितली बरं का, आणि भांडंही घेतलं होतं, लागलं नाही). सीएसएमटीला उतरून मेट्रो. आता गंमत ऐका, मेट्रो स्टेशनात खाली जाताना ते सरकते जिने एकामागून एक, संपतच नाहीत, धाकटी पहिल्या जिन्याला घाबरली, मावशीच्या गळ्यात पडली, दुसऱ्याला एक डोळा उघडला, आणि नंतर वर जाऊन परत खाली यायचंय म्हणून भोकाड. दोनदा केलं. तिसऱ्यांदा तिथल्या सिक्युरिटीवाल्या ताईंनी बघितलं तेव्हा निघालो.

सायन्स सेंटरला तीन तास. आजी तुमचा दांडा आम्हाला सापडला नाही पण आमच्या चिरंजीवांनी आरसे धरले. बुटक्या आरशात तो स्वतःला नाही, मला उभं करून हसत होता. आई तू इडली झालीस. बाजूची दोन मुलं पण हसली. बरं. बाहेरच्या इंजिनापाशी पाच मिनिटं पाऊस थांबला, तेवढ्यात धाकटी डबक्यात बसली. पडली नाही हं, बसली, शांतपणे, मांडी घालून. रिकामी पिशवी कामी आली.

डबलडेकरचा योग नव्हता, पंचवीस मिनिटं थांबलो, मग मोठा म्हणाला भूक लागली, सीएसएमटीला गाडीत बसून रोल खाल्ले आणि घाटकोपरच्या आत दोघं झोपली. एका झोपलेल्या मुलाला घेऊन डोंबिवलीला उतरणं काय असतं ते सेंट्रलवाले जाणतात, इथे दोन होती.

खर्च ४६०, त्यात डोंबिवलीला रिक्षा धरून, कारण स्टेशनपासून चालायची ताकद नव्हती. नवऱ्याला हा आकडा लगेच सांगितला.

पुढच्या रविवारी मोठ्याला बेस्टचं म्युझियम पाहिजे आहे, आतापासून विचारतोय टिकटिकवाला चिमटा हातात देतात का. ओलीचिंब, देतात का गं? आणि कुर्ल्याला उतरून अणिक डेपोला बस कुठली घ्यायची?

ओलीचिंब:
हातात नाही देत, काचेत आहे. पण मुलाला आत्ताच नको सांगूस 😄 बसचा नंबर विचारून सांगते, आमच्या खालीच एक कंडक्टर राहतात.