अमावास्येला आपण बेटावर असू : घरच्या ग्रुपवरची अंदमानची चर्चा

अण्णाकाका: अंदमान नक्की. आराखडा काढलाय, पाच दिवसांचा. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, बाराटांग, रॉस, नॉर्थ बे, चिडिया टापू. सगळं बसतं.

आत्या: अण्णा, पाच दिवसांत सात ठिकाणं? आईचे गुडघे बघ की जरा.

बाबा: नावं बदललीत, तिकिटं काढताना गोंधळू नका. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, ही 2018 पासून. पोर्ट ब्लेअरचं 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं.

काकू: तारखा कधीच्या? मे महिन्यात पोरांना सुट्टी असते.

मी: काकू, मे नको. मान्सून देशात सगळ्यात आधी अंदमानातच पोचतो, मे अर्ध्यावर आला की तिकडे पाऊस. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं होतात, तेव्हा बोटी रद्द होऊ शकतात. जानेवारीअखेर ते मार्च समुद्र शांत असतो. शाळेतून चार दिवस सुट्टी मागावी लागेल, पण आजीला बोटीत न्यायचंय तर शांत समुद्रच हवा.

आणि काका, रागावू नका, पण एक बेट बदलायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. स्वराज द्वीपला वेगवान बोटीनेही दीड-दोन तास लागतात. त्याआधी धक्क्यावर लवकर पोचायचं, ओळखपत्रं, सामान, रांग. आपण अकरा जण, आजी 79 ची, सगळ्यात धाकटी 6 ची. मला वाटतं सात रात्री आणि दोनच मोठी बेटं. स्वराजला तीन, शहीदला दोन, पोर्ट ब्लेअरला जाताना एक आणि येताना एक. येतानाची ती एक रात्र काही झालं तरी काढायची नाही. समुद्र खवळला आणि बोट सुटली नाही तर विमान आपल्यासाठी थांबत नाही.

अण्णाकाका: एवढ्या लांब जायचं आणि दोन बेटं?

धाकटा: ताई, ते रात्री चमकणारं पाणी बघायचंच आहे. हात घातला की निळा उजेड होतो ते.

मी: त्याला चंद्र नसलेली रात्र लागते. पाण्यात सूक्ष्म जीव असतात, पाणी हललं की ते उजळतात, पण चांदणं असलं तर दिसत नाही. म्हणून मी पौष अमावास्येचा विचार करतेय. दुसरं कारण म्हणजे शहीद द्वीपवरची दगडाची कमान. ओहोटी असल्याशिवाय तिथे चालत जाता येत नाही, आणि अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत ओहोटी सगळ्यात खाली जाते. म्हणजे अमावास्येची रात्र स्वराजला, पुढचे दोन दिवस शहीदला.

काकू: अमावास्येला प्रवास? आणि तोही पौषात? मला नाही पटत ग.

काकू: थांबा, आई शेजारी बसल्यात. त्या सांगतायत ते जसंच्या तसं लिहिते.

काकू (आजी सांगतेय): आमचं माहेर खाडीकाठी. वडील घड्याळ न बघता भरती सांगायचे. तिथीची पाऊणपट करायची. अमावास्या म्हणजे पंधरावी तिथी, पंधरा पाऊण सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पुनवेला समुद्राला उधाण असतं, तेव्हाच तो बघावा. घरातून अमावास्येला निघू नका एवढंच. तिथे असलं तर काय बिघडतं?

आत्या: आई, हे मला कधीच सांगितलं नव्हतंस!

मी: आजी, किती सुंदर. मी वहीत लिहून घेतलं. फक्त हा हिशेब आपल्या किनाऱ्याचा, तिकडे भरतीची घटका वेगळी पडते. पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक मिळतं, त्यावरून मी वेळा काढते. काकू, आपण द्वादशीला निघतोय, चालेल ना?

काकू: आईंनीच सांगितलं तर मी कोण बोलणार. चालेल.

अण्णाकाका: बाराटांगचं काय? चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी. पहाटे निघालं की रात्री परत.

आत्या: अण्णा, मला तिथे जायचं नाही. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात, मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, असे नियम आहेत आणि ते योग्यच आहेत. तरी गाडीतला प्रत्येक जण काचेला नाक लावून तीच माणसं शोधत असतो. त्यांच्या दारावरून आपण सहल म्हणून जायचं हे मला सहन होत नाही. तुम्ही गेलात तर मी आईजवळ थांबेन.

बाबा: मलाही हेच म्हणायचं होतं.

अण्णाकाका: मी एवढा विचार केला नव्हता. काढलं बाराटांग.

मी: थँक्यू काका. आता पोरांचं. स्कूबाला पोहता यावं लागत नाही, पण वय निदान 10 हवं. छोटी काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघेल. धाकट्या, तुला लहानपणी दमा होता, तो फॉर्मवर लिहायचाच. आधी डॉक्टरांना विचार, ते नको म्हणाले तर नको. आणि डाईव्हनंतर निदान 18 तास विमानात बसायचं नाही, म्हणून ते स्वराजला दुसऱ्याच दिवशी उरकू. मगरींची पाटी असेल तिथे गुडघाभर पाण्यातही कुणी उतरायचं नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे खरंच आहेत.

धाकटा: उद्याच जातो डॉक्टरांकडे.

मी: सूर्यास्ताचंही आत्ताच सांगते, कारण मागच्या वेळी आमचा चुकला. घड्याळ आपलंच, पण बेटं पार पूर्वेला, 92 रेखांशापलीकडे. त्यामुळे थंडीत पाच-सव्वापाचलाच सूर्य बुडतो. आम्ही चहा घेऊन निवांत निघालो. स्वराजच्या राधानगर किनाऱ्यावर झाडीतून बाहेर आलो तर लोक टॉवेल झटकत परत फिरत होते. आकाशात नुसती तांबूस रेघ उरली होती. लेक तिथेच वाळूत बसून रडली. या वेळी चारलाच तिथे असायचं. उजाडतंही लवकर, तेव्हा शहीदला सीतापूरचा सूर्योदय ज्याला बघायचाय त्याने रात्री लवकर झोपावं.

आणि शंख, प्रवाळ काहीही उचलायचं नाही. लेकीने शहीदच्या भरतपूर किनाऱ्यावरून बोटभर पांढरी फांदी खिशात घातली होती, मला पत्ताच नव्हता. विमानतळावर बॅग उघडायला लावली. मेलेलं असलं तरी प्रवाळ आणणं गुन्हा आहे, त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तो माणूस तिच्याशी फार मायेने बोलला, म्हणाला, हे माशांचं घर असतं बेटा. छोटीला घरूनच सांगून नेऊया.

काकू: आई विचारतायत, सेल्युलर जेल कधी?

अण्णाकाका: आई, पहिल्याच दिवशी. आधी कोठडी, मग समुद्र. तात्याराव सावरकर 1911 ते 1921 तिथे होते. सात इमारती होत्या, आता तीनच उरल्यात. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. त्यांचे थोरले भाऊ बाबाराव त्याच तुरुंगात होते, तरी सुरुवातीला भावाला भाऊ दिसत नव्हता.

आत्या: ती कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, अण्णा.

अण्णाकाका: माहीत आहे. मी आईबरोबर एकेक पायरी चढेन. तासभर लागला तरी लागू दे. तुम्ही बाकीचे पुढे जा.

बाबा: मी दुसऱ्या बाजूने धरतो. अण्णा, रोख पैसेही जास्त ठेवू, बेटांवर नेटवर्क गेलं की युपीआय चालत नाही.

मी: सगळ्यांनी आज रात्रीपर्यंत ओळखपत्रांचे फोटो मला एकटीला पाठवा, ग्रुपवर नको. चेन्नईहून सकाळचं विमान बघते. बोटीत मळमळतं त्यांनी गोळी आधी घ्यायची, कुठली ते डॉक्टरांना विचारून.

काकू (आजी सांगतेय): वाळू फार तापते का ग? चपला कुठल्या घेऊ?

मी: आजी, मागे पट्टा असलेल्या रबरी. कमानीकडे जाताना दगडांवर शेवाळं असतं. शनिवारी येते, आपण दोघी जाऊन घेऊ.